अनुमोदकाची मान

९ नोव्हेंबर, रविवार
आज अकोल्याहून कुत्रा आणला. निर्णय सर्वस्वी माझा. अदितीने (कन्या, अकोल्याच्या कॉलेजात शिकवते, उरलेल्या वेळात रस्त्यावरची जखमी कुत्री गोळा करते) कुत्री दत्तक देण्याच्या शिबिराला नुसतं बघायला बोलावलं होतं. मी बघायला गेलो आणि घेऊन आलो. माणसाने असं ठाम असावं.

हवा होता रुबाबदार, ताठ कानांचा, राखणदार. तसे दोन-तीन होतेही. त्यांच्यासमोर उभा राहून मी अदितीला सांगत होतो की कुत्रा पाळणं ही मुळात शिस्तीची बाब आहे. तेवढ्यात कोपऱ्यात गोणपाटावर बसलेला एक तांबूस, बारका कुत्रा मान हलवू लागला. वर-खाली, वर-खाली. मी म्हटलं, शिस्त नसेल तर कुत्राच माणसाला पाळतो. त्याने पुन्हा हलवली. इतकी वर्षं वकिली केली, एकाही न्यायाधीशाने माझं बोलणं ऐकताना अशी मान हलवलेली नाही. घरी तर प्रश्नच येत नाही.

अदिती त्याच्या मेंदूविषयी काहीतरी सांगत होती. नीट ऐकलं नाही, कारण त्याच वेळी तो माझ्याशी सहमत होत होता.

येताना मूर्तिजापूरपासून घरापर्यंत त्याला माझी धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) वादाची गाजलेली केस सांगितली. एकदाही हरकत नाही.

नाव ठेवलं अनुमोदक. चारुशीलाने (सौ.) दार उघडलं, नाव ऐकलं आणि 'ये रे मोदक' म्हणून त्याला आत नेलं. पहिली दोन अक्षरं परस्पर वगळण्याचा तिला अधिकार नाही.

१० नोव्हेंबर
संकल्प: रोज पाचला उठणे. अनुमोदकासह कॅम्प भागातून मोठी फेरी. चहात साखर बंद.

पावणेआठला उठलो. प्रवासाचा शीण.

फेरी गेटपर्यंत झाली. त्याचे पुढचे पाय गेटकडे निघतात तेव्हा मागचे पाय पार्किंगकडे जातात. मधला भाग कुणाचं ऐकावं या विचारात आडवा होतो. घरात टाइल्सवर चारही पाय चार दिशांना. पाणी प्यायला गेला तर आधी नाक बुडालं, मग वाडगं उलटलं, मग तो त्यात बसला. टाइल्स निकृष्ट आहेत. बिल्डरला नोटीस द्यावी.

१२ नोव्हेंबर
चारुशीलाच्या आग्रहाखातर जनावरांच्या डॉक्टरकडे. डॉ. केयूर. पोरगा हुशार असावा, पण घाई फार. म्हणाला, तोल सांभाळणारा लहान मेंदू जन्मापासूनच पुरता वाढलेला नाही. दुखत काही नाही, हे वाढणार नाही, बरंही होणार नाही. सवयीने तो त्याचं जमवून घेईल, तुम्ही तुमचं घ्या. आणि मान हलते ती एखाद्या गोष्टीवर लक्ष लावून तिच्याकडे जायला बघतो तेव्हा. झोपला की थांबते.

मी विचारलं, म्हणजे लक्ष देऊन ऐकतो तेव्हा? तो म्हणाला, ऐकतो असं नाही, काका.

हे निदान एकतर्फी आहे. मी मान्य केलेलं नाही. येताना अनुमोदकाला विचारलं. त्याचंही मत तेच पडलं.

चहात साखर अर्धाच चमचा. (दोनदा.)

१५ नोव्हेंबर
प्रशिक्षण सुरू. गेटपासून लिंबाच्या झाडापर्यंत रांगोळीने सरळ रेघ मारली. रेघेवरून चालायचं, पोचला की बिस्किट. बिस्किटं कोटाच्या उजव्या खिशात. महिन्याभरात कुत्रा सरळ चालला नाही तर नाव बदलीन (माझं).

तो रेघेच्या डावीकडून निघाला, उजवीकडे गेला, पुन्हा डावीकडे आला आणि एवढ्यात पट्टा माझ्या दोन्ही पायांभोवती फिरून झाला होता. मी पडलो. मनकर्णाबाईच्या भाजीच्या गाडीला धरायला गेलो, तर हातात मेथीची जुडी आली.

मनकर्णाबाईने विचारलं, "वकीलसाहेब, तुमच्या दोघायपैकी पिऊन कोन आलं जी?" गेटवरचा चौकीदार देवमन हसला. मी पट्टा सोडवून उठलो आणि शांतपणे सांगितलं की हा कुत्रा प्रशिक्षणार्थी आहे. ती म्हणाली, "त्याले उभं तं राहू द्या अगोदर."

अशिक्षित लोकांशी वाद घालू नये. मेथी घ्यावी लागली.

१८ नोव्हेंबर
सोसायटीची नोटीस. सेक्रेटरी श्यामराव, तळमजला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. 'आपला कुत्रा पिसाळल्यासारखा वागतो, जिन्यात पडतो, मुलं घाबरतात. ३० तारखेच्या सभेत त्याला परत पाठवण्याचा ठराव मांडला जाईल.' खाली सही. अक्षर पार थरथरलेलं. माझ्याविरुद्ध सही करताना भल्याभल्यांचे हात कापतात.

अदितीचा फोन. म्हणाली, बाबा, एकदा परत आलेलं असं कुत्रं कुणी दुसऱ्यांदा नेत नाही. ते मग तिथंच पिंजऱ्यात राहतं. टाइल्सवर पडायचं ते तिथं फरशीवर पडत राहील.

मी तिला धीर दिला. स्वतः युक्तिवाद करणार म्हटलं. त्यावर ती म्हणाली, आईला फोन द्या. भारावली असणार.

नोंद: माझा जीव वगैरे जडलेला नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

१९ नोव्हेंबर
चारुशीला म्हणते, मी खाली जाऊन श्यामरावांच्या शकुनवहिनींशी बोलून येते, गोष्ट मिटेल. मी सक्त मनाई केली. प्रतिपक्षाच्या कुटुंबाशी संपर्क ठेवणं योग्य नाही. ती म्हणाली, "तुम्ही काहून घरातही कोर्ट भरवून राहिले?"

ती खाली गेली की नाही माहीत नाही. संक्रांतीच्या वाणाचा डबा परत करायला गेली होती म्हणे. संक्रांत जानेवारीत झाली.

२३ नोव्हेंबर, रविवार
दुपारी उठलो तर हॉलमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायपुसणी, जुन्या सतरंजीचे तुकडे आणि माझी योगा मॅट, तीही कापून. ती मॅट मी नव्या वर्षाच्या संकल्पासाठी घेतली होती. अजून वर्ष संपलेलं नाही.

अनुमोदक स्वयंपाकघरातून निघाला. डोलत, थांबत, पाय रुंद टाकत, सगळा हॉल पार करून माझ्या खुर्चीपर्यंत आला. एकदाही पडला नाही. आला आणि मान हलवत माझ्या कोटाकडे बघत उभा राहिला.

माझ्या प्रशिक्षणाचं फळ दिसू लागलं. डोळ्यांत पाणी आलं. आत मिरचीची फोडणी पडली होती.

२४ नोव्हेंबर
चारुशीलाने सांगितलं, फोडणी काल नव्हतीच. साबुदाणा भिजत होता. नोंद दुरुस्त करत नाही.

२९ नोव्हेंबर
मसुदा तयार. प्राणिमात्रांविषयी आपली परंपरा, सोसायटीचे उपनियम, वरच्या कोर्टांचे दाखले, शेवटी गुरुकुंज मोझरीच्या आश्रमातल्या प्रार्थनेतला सर्वधर्मसमभाव (इथे आवाज कापरा करायचा). अनुमोदकासमोर सगळा वाचला. शेवटपर्यंत मान हलत होती. कोटाचा उजवा खिसा आतून पार भुग्याने भरलाय, धुवायला टाकायला हवा.

उद्या त्याला सभेत नेणार. चारुशीला म्हणते, नका नेऊ. मी म्हटलं, तो माझा साक्षीदार आहे. ती म्हणाली, साक्षीदाराला आधी काही खाऊ तरी घाला. भरल्या पोटी साक्षीदार सुस्तावतो, म्हणून घातलं नाही.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी
सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

सभा पार्किंगमध्ये. आधी आलूबोंडे वाटले, ही चूक. मी परंपरेवर असताना लोक चटणी मागत होते. दाखल्यांपर्यंत पोचलो तेव्हा मागची रांग गेलेली. तरी अनुमोदक पायाशी बसून प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होता. मी सभेचं लक्ष तिकडे वेधलं. म्हटलं, बघा, हा पिसाळलेला नाही, शहाणा आहे. याला सगळं समजतं.

श्यामराव समोर बसले होते. डाव्या हातात आलूबोंडा, उजवा हात खिशात. सभेत खिशात हात घालून बसणं उद्धटपणाचं आहे. म्हणाले, समजते म्हनता तं त्यालेच इचारू. आणि त्याच्याकडे वाकून विचारलं, "कारे, जिन्यात घान तू करतं का?"

अनुमोदकाने मान हलवली. वर-खाली.

"लेकरायच्या अंगावर जातं?"

हलवली.

"मंग तुले अकोल्याले वापस धाडाचं?"

इतक्या जोरात हलवली की तोल जाऊन त्यांच्या चपलांवर पडला. सगळी सभा हसली. माझ्याच साक्षीदाराने, भर सभेत! खरं तर हरलो याचं काही नव्हतं, तेवढी सवय आहे. पण तो चपलांवरून उठायला बघत होता, पुन्हा पडत होता, आणि लोक हसत होते. ते मला बघवेना. मसुदा हातातून खाली पडला तो मी उचलला नाही.

श्यामराव ठरावाला हात वर करा म्हणणार, तोच चारुशीला उठली. म्हणाली, हात वर करायच्या आधी एकदा वर चला. मी चहा ठेवते, तुम्ही त्याला त्याच्या जागी बघा. मग काय करायचं ते करा.

बहुतेक लोक चहाला आले. मोदक (आज हेच लिहितो) सतरंजीच्या तुकड्यांवरून डोलत सरळ श्यामरावांकडे गेला. चहा हातात आल्यावर त्यांना खिशातला हात बाहेर काढावा लागला. कप बशीवर खडखड वाजायला लागला. अर्धा चहा बशीत. खालच्या युक्तिवादाचा धसका अजून उतरला नसावा. शकुनवहिनी कप धरायला पुढे झाल्या तर श्यामरावांनी त्यांना थांबवलं आणि बशीच खाली मोदकासमोर धरली.

बशी इकडे हलली की याची मान तिकडे. मान इकडे आली की बशी तिकडे. चहा योगा मॅटवर. खोलीत कुणी हसलं नाही. शेवटी कशीबशी गाठ पडली आणि तो लपालपा प्यायला. श्यामराव रिकाम्या बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहू द्या वकीलसाहेब याले. पडते, पन उठते बिचारा."

ठराव मागे.

मुद्दे कुठेतरी पोचलेच म्हणायचे. दाखले वाया जात नाहीत.

१ डिसेंबर
अदितीला विजयाचा फोन केला. युक्तिवादाचा सारांश सांगत होतो तर म्हणाली, आईने सगळं सांगितलंय.

मग चारुशीलाने मला सांगितलं. श्यामरावांचा हात गेल्या दिवाळीपासून कापतो. औषध चालू आहे. बँकेत सही जुळत नाही, म्हणून मुलगा नागपूरहून येऊन पैसे काढून देतो. अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. देवमनलाही, मनकर्णाबाईलाही. मी विचारलं, मग मला कुणी काहून नाही सांगितलं. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं. तुम्ही बोलून राहिले होते."

१८ तारखेची सहीबद्दलची नोंद पुन्हा वाचली. लाज वाटली.

२ डिसेंबर, संध्याकाळी
श्यामरावांकडे जाऊन आलो. फार बोललो नाही. त्यांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना.

कोट धुवायला गेला. म्हणजे खिसा रिकामा, बिस्किट नाही, हातात काही नाही. एकदा सोक्षमोक्ष लावावा म्हणून खुर्ची हॉलच्या मध्यात घेतली, मोदकाला समोर बसवलं आणि सभेत राहून गेलेला मोझरीचा भाग सुरुवातीपासून वाचायला घेतला. त्याने माझ्या हातांकडे बघितलं. खिशाच्या जागेकडे बघितलं. मग डोलत जवळ आला, माझ्या पायावर हनुवटी टेकवली आणि पहिल्याच परिच्छेदात झोपला.

मान अगदी स्थिर. मी बोलत असताना पहिल्यांदाच.

चारुशीला दोनदा चहाला हाक मारून गेली. पाय पार बधिर झालाय. उठता येत नाही. उरलेला मसुदा मनातल्या मनात वाचतोय.