बेंदराचा दुसरा दिवस

मी, कुमारी कालिंदी नृसिंह आजरेकर, वय एकवीस, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, आधी माझ्या मागच्या मृत्युपत्रातली चूक दुरुस्त करते. फेब्रुवारीत लिहिलेल्या त्या कागदाच्या चौथ्या कलमात मी असे लिहिले होते की, "माझी शाळेतली मैत्रीण चंदना मगदूम हिने शब्द मोडला, म्हणून आमची सणाची वही तिला न देता जाळावी." ते खोटे आहे. चंदनाने शब्द मोडला नाही. तो कागद रद्द समजावा आणि हा धरावा.

माझी बुद्धी जागेवर आहे व कोणी मला भरीस घातलेले नाही. गळ्याला गाठ आहे, ती मिरजेस काढायची आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणतो, "एकवीस वर्षांची घोडी आणि मृत्युपत्र! तुझ्या नावावर आहे काय, दोन रिबिनी?" रिबिनी तीन आहेत. खाली लिहिल्या आहेत.

कलम १. शिवणाचे यंत्र माझ्या आईला, माईला, द्यावे. उन्हाळ्यात त्याचा पट्टा सैल पडतो. तेव्हा पट्टा कापून जोडावा, यंत्राला बोलू नये.

कलम २. वडिलांची, अण्णांची, जुनी पंचांगे दादाला. दहाव्या वर्षापर्यंत मी घरीच अण्णांजवळ शिकले आणि पंचांग हेच माझे पहिले पुस्तक. तिथी चुकली की अण्णा कान धरायला लावत. तेव्हापासून कोणाची चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय माझा हात स्वस्थ बसत नाही. १९५१ साली दादाने माझी हिरवी शाई मांजरावर सांडली. मांजराला मी त्याच दिवशी माफ केले, दादाला आज करते. तीनही रिबिनी त्यालाच द्याव्यात.

कलम ३. सणाची वही. हिच्यासाठीच हा कागद लिहिला.

१९४९ साली आम्ही सहावीत होतो. देशाला नव्या सुट्ट्या मिळत होत्या, म्हणून सरोजिनीबाईंनी वर्गाला सांगितले, "दोघी-दोघींनी मिळून एक नवा सण शोधून काढा. नाव, दिवस, नियम, सगळे लिहून आणा." माझ्या जोडीला चंदना आली. ती हातकणंगल्याकडच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, शिकायला मावशीकडे राहिलेली. शाळेच्या ओट्यावर चिंचा खात ती म्हणाली, "बेंदराला आमच्यात बैलाचं खांदं हळद-तुपानं मळत्यात. दिवसभर जू न्हाय, काम न्हाय. आईचं खांदं कोण मळतंय गं?"

त्या प्रश्नातून सण झाला: बायकांचा बेंदूर, बैलांच्या बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या सांजेला मुलींनी आईचे खांदे मळायचे. त्या दिवशी "अमुक कुठे ठेवलंय?" असे बाईला कोणी विचारायचे नाही. आणि जिला जिथे जाऊन बसावेसे वाटेल तिथे तिने जाऊन बसावे, कारण सांगू नये.

हा सण कोणी पाळला नाही. तरी मला तो इतका दिसतो की कधी कधी तो होऊन गेल्यासारखा वाटतो. पेठेतल्या एकाही कौलातून धूर निघत नाही. रंकाळ्याच्या पायऱ्यांवर बायका ओळीने बसल्या आहेत, पाय पाण्यात, खांदे पिवळे. माई त्यांच्यात आहे आणि तिला मी काही विचारायला हाक मारत नाही, कारण तो नियम आहे. पाण्यावर हळदीचा तवंग हळूहळू पसरत जातो.

वहीत दिवस चंदनाने लिहिला होता: ज्येष्ठी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी. पक्की प्रत मी करत होते. बेंदूर आषाढात, हे मला पंचांगासकट पाठ. खेड्यातल्या मुलीला तिथी कुठली ठाऊक, असे वाटून मी 'ज्येष्ठ' खोडून 'आषाढ' केले. तिला दाखवलेही नाही. बाईंनी शाबासकी दिली.

सातवीनंतर चंदना गावी गेली. जाताना आमचे ठरले की पाच वर्षांनी आपल्या सणाला रंकाळ्यावर, संध्यामठासमोर भेटायचे. १९५५च्या आषाढात मी तिथे दुपारपासून दिवे लागेपर्यंत बसले. ती आली नाही. त्या रागातून मागचे चौथे कलम निघाले.

गेल्या आठवड्यात लोणी घालणारी तानाबाई म्हणाली, "ताई, फुडल्या म्हयन्यात बेंदूर हाय, चार दिस यायची न्हाय मी."

"चुकताय तानाबाई. बेंदूर आषाढात."

"त्यो तुमचा. आमचा कर्नाटकी, ज्येष्ठाच्या पुनवंला. दोन बेंदूर असत्यात की! एवढं शिकलासा आनि म्हाईत न्हाय व्हय?"

तानाबाई चंदनाच्याच गावची. मी विचारले. ती म्हणाली, "चंदना व्हय? दोन वर्सामागं बेंदराच्या दुसऱ्या दिशी लेकरू काखंत घिऊन कोल्लापूरला गेलती. सांजंला परत आली. म्हनली, मैतरीण शिकल्याली हाय, ती कशाला येतीया आमच्यासाठी."

ती माझ्या महिनाभर आधी, तिच्या घरच्या बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, येऊन बसून गेली होती. तिची तिथी बरोबर होती. वहीतली माझी खोडाखोड मी तशीच ठेवली आहे, पुसलेली नाही. ही वही चंदनाला द्यावी.

ठिकाण: मंगळवार पेठ, कोल्हापूर. मंगळवार, ता. २१ मे १९५७.

सही: कालिंदी नृसिंह आजरेकर

साक्षीदार (ज्यांना यातले काहीही मिळत नाही):
१. जोतीराम सखाराम पोवार, शेजारी, कोर्टात कारकून
२. सरोजिनी अनंत देशिंगकर, शिक्षिका

सहीखालचा मजकूर मृत्युपत्रात धरत नाहीत, असे पोवारमामा सांगतात. म्हणूनच हे सहीखाली लिहिते. वही मी मेल्यावर पोचली तर माझी चूकही मी मेल्यावरच कबूल होईल. तोवर चंदना मला न आलेलीच समजत राहील. दादाने शस्त्रक्रियेला तेरा जून ही तारीख ठरवली होती. ती त्यापुढच्या सोमवारवर न्यावी असे मी काल डॉक्टरांना लिहिले. दादा ओरडला, "बैलांच्या सणासाठी?" मी म्हटले, "बैलांच्या नाही, त्याच्या दुसऱ्या दिवसासाठी." कर्नाटकी बेंदूर बुधवारी आहे. सकाळच्या गाडीने हातकणंगल्याला उतरून, वही घेऊन, चंदनाच्या दारी मी स्वतः जाणार: गुरुवार, ता. १३ जून १९५७.