आजाऱ्यांची गाडी

कविरा, ३ जुलै २००५

चि. तोवेरा हिस तुझ्या थोरल्या ताईचे अनेक आशीर्वाद.

पाहुणे आले. परदेशची मंडळी, चर्चला रंग द्यायला आली आहे. गेल्या वर्षीच्यांनी पिवळा दिला होता, हे निळा देताहेत. गावातले बेकार तरुण झाडाखाली बसून बघतात. मी महिला मंडळाची प्रमुख, म्हणून चुलीपुढे मीच. आपली मक्याच्या पिठाची घट्ट सिमा त्यांच्या घशाखाली उतरत नाही, रोज भात लागतो. मनाचे चांगले आहेत गं, पण दिसेल त्या पोराला कवटाळून फोटो काढतात आणि अनाथ म्हणतात. शेवटी फोटोतल्या छोट्या वनांगवाच्या आजीने त्यांना बजावलं की बाबांनो, मी अजून मेलेली नाही!

त्यांच्याच तिकडच्या चर्चने आजाऱ्यांसाठी म्हणून पाठवलेली गाडी सध्या त्यांनाच सरोवर दाखवत फिरते. त्यामुळे मंगळवारी वेझीला म्झुझुला तुझ्या इस्पितळात नेता आलं नाही. शेजारीण म्हणून मी तिला भरवते, पण तिला आता बसवत नाही. सडकेवरच्या ट्रकमध्ये कशी चढवू? पाळक चावुलासाहेबांना विचारलं, तर म्हणाले की पाहुणे देवाने पाठवलेत, आठवडाभर थांबलं तर काय बिघडतं!

तुझा घसा बरा आहे ना? लोभ आहेच, काळजी घे.

तुझी,
लुसुंगुताई

म्झुझु, ७ जुलै

ती. ताईस तोवेराचा सा. न. वि. वि.

वेझीचं सविस्तर लिहिलंस, स्वतःचं एक अक्षर नाही. मंगळवारी औषधांच्या खिडकीशी नावं मीच पुकारत होते. वेझीच्या मागोमाग तुझं नाव होतं. पुन्हा पुन्हा पुकारलं. मागचा म्हातारा वैतागून म्हणाला की ती बाई येणार नाही, पुढचं घ्या.

तुलाही सडकेपर्यंत चालवत नाही, हे भाताच्या गोष्टींत लपवू नकोस. भाऊजी गेले तेव्हा इथे एड्सच्या गोळ्याच नव्हत्या, म्हणून आपण देवाला बोल लावला. आता फुकट मिळतात, मग बोल कुणाला लावू? पाळकसाहेबांशी भांड. लहानपणी माझ्याशी भांडायला बरा जोर यायचा!

रागावले आहे, म्हणून नमस्कार एकच.

तोवेरा

कविरा, १७ जुलै

चि. तोवेरास आशीर्वाद.

वेझी शुक्रवारी गेली. पाहुण्यांनी कबरीपाशी फार सुंदर गाणं म्हटलं. खरोखरीचे रडले बिचारे. मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

काल निरोपाची सभा होती. मंडळातर्फे आभार मानायला मला उभं केलं. मी म्हटलं की वेझीचा हा आजार मलाही आहे, नवराही यानेच गेला, आणि वेझी गाडीअभावी गेली. गाडी आजाऱ्यांना परत द्या. मंडळीसमोर हे पहिल्यांदाच बोलले. पाळकसाहेबांनी इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. पांढऱ्या केसांच्या हेलनबाईंनी मला मिठी मारली. मला वाटलं, झालं काम!

नंतर शाळेच्या मास्तरांनी मान खाली घालून सांगितलं की पाळकसाहेब म्हणाले, निळ्या रंगाने आमच्या आयुष्यात आभाळ उतरलं, असं ही बाई म्हणते आहे.

पाहुणे गेले. गाडी कुलपात आहे. आता काही बायका माझ्याबरोबर एका ताटात हात घालत नाहीत. पण काही जणी मागच्या दाराने येऊन विचारतात, मंगळवारी किती वाजता निघायचं.

लोभ कमी करू नकोस, एवढंच.

लुसुंगुताई

कविरा, २८ जुलै

चि. तोवेरास अनेक आशीर्वाद.

परवा औषधांच्या खिडकीशी गर्दीत बोलता आलं नाही. पाळकीणबाई आमच्या रांगेत कशा, हे तू डोळ्यांनीच विचारलंस, म्हणून लिहिते.

मंगळवारी उजाडताच आम्ही पाळकसाहेबांच्या अंगणात जाऊन बसलो. त्यांनी आधी डिझेल नाही म्हणून सांगितलं, मग ही देवाच्या घराची बेअदबी आहे म्हणाले. कुणीच उठलं नाही. तेवढ्यात पाळकीणबाई बाहेर आल्या. अंगावर शाल, डोक्याला फडकं. कुणाकडे न बघता आल्या आणि आमच्यातच जमिनीवर बसल्या. नवऱ्याला एवढंच म्हणाल्या की मलाही जायचं आहे, आणि का, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पाळकसाहेब आत गेले. मग त्यांनी किल्ली आणली आणि गाडी स्वतः चालवली. दर मंगळवारी गाडी सोडीन असं परतताना पुटपुटले. त्यांची कीव करावी की त्यांना शिव्या घालाव्यात, मला अजून ठरवता आलेलं नाही. ही किल्ली वेझीसाठी का सापडली नाही?

गोळ्या घेते आहे. मळमळतं, पण काल थोडं जेवण गेलं. विहिरीवर वेझीची आई भेटली. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली की तू जरा बरी दिसतेस. मी तिची घागर तेवढी उचलून दिली.

माया आहे तशी राहू दे.

तुझी,
लुसुंगुताई