कोरमचा पाचवा माणूस

८ एप्रिल १९८४, रविवार
भूमच्या शाळेत निसर्ग शिक्षण मंडळाची बैठक. पोरांना झाडाझुडपांचं ज्ञान द्यायचं, हा उद्देश. मी चौथी पास, तरी सभासद. ठराव सहाला अनुमोदन दिलं. इतिवृत्तात नाव आलं की बरं वाटतं. चहा आल्यामुळं ठराव काय होता ते नीट ऐकू आलं नाही.

१९ एप्रिल
गोठ्याचं आढं, छपराचं मधलं आडवं लाकूड, तडकलं. गुरं खाली बांधायची भीती वाटते. बायको द्वारका म्हणाली, पावसाच्या आत कायतरी करा. मी म्हणालो, चिंता नाही, दारातला कडुलिंब सरळ आहे, आढ्यासाठी तोडू. झाड तिनंच लावलेलं. ऐकून भांडी घासायला गेली. म्हणजे कबूल.

२२ एप्रिल
कुऱ्हाडीला धार लावत होतो. मंडळाचे सचिव शांतलिंग गुरुजी आले. ठराव सहा वाचून दाखवला. सभासदाने व त्याच्या घरच्यांनी हिरवं झाड तोडू नये. अनुमोदक मी. म्हणाले, तात्याराव, तुमच्यासारखी माणसं हायेत म्हणून मंडळ हाय. कुऱ्हाड पोत्याखाली.

२३ एप्रिल, पहाट
उपाय सापडला. राजीनामा. तो मंजूर झाला की झाड आपलं. आधी कसं सुचलं नाही.

६ मे, रविवार
राजीनामा दिला. मंडळात सात होतो. दोघं साखर कारखान्याच्या निवडणुकीत गुंतले ते आलेच नाहीत, त्यांची नावं कमी केली. उरलो पाच. कोरमही पाचाचाच. अध्यक्ष हिंमतराव म्हणाले, ज्याचा विषय त्यानं बाहेर थांबावं, रीत आहे. थांबलो. मंजूर झालं समजून खुशीत विडी ओढली. आत चौघंच राहिले म्हणून कोरम मोडला, बैठक तहकूब.

२० मे, रविवार
आज बाहेर जायचंच नाही, असा निश्चय. हिंमतराव म्हणाले, रीत मोडता व्हय तात्याराव, या वयात? उन्हात उभा राहिलो. तहकूब. त्याआधी मला रोपवाटिका समितीवर घेतलं. अनुमोदन मीच दिलं, सवयीनं.

३ जून, रविवार
बैठकीला गेलोच नाही. बघू काय करतात. अकरा वाजता चौघं जीपनं दारात. कडुलिंबाखाली सतरंजी टाकली. सावलीची लई तारीफ झाली.
द्वारका चहा घेऊन आली. म्हणाली, सायेब, ह्यांच्या जागी मला घ्या, आन् ह्यांना मोकळं करा. बाई हुशार आहे, मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं. तिला सभासद करायला अनुमोदन मीच दिलं. मग रीतीप्रमाणं गोठ्यात जाऊन थांबलो. पाच मिनिटांत राजीनामा मंजूर. टाळ्या ऐकू आल्या. उद्या सकाळीच झाड.

४ जून, सकाळ
कुऱ्हाड काढली. द्वारका झाडाला पाठ लावून बसलेली. म्हणाली, ठराव सहा. सभासद मी, घरचे तुमी. मी आढ्याचं विचारलं. म्हणाली, टेकू लावा की, झाडच कशाला पायजे.

४ जून, संध्याकाळ
टेकूला लाकूड मिळालं नाही. माझी बाज उभी करून आढ्याखाली लावली. गुरं खाली बांधली. आता मी झाडाखाली झोपतो. सावली खरंच चांगली आहे. मंडळाची बैठक आता याच झाडाखाली भरणार, त्या रविवारी मात्र उठून बाहेर थांबायचं, असं तिनं सांगितलंय.