निकालाआधी घेतलेल्या घराबाबत

मी, खाली सही करणार, वय वर्षे सत्तेचाळीस, धंदा कवळ्या बनविणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि पूर्ण रागात लिहून ठेवीत आहे. 'पूर्ण रागात' हे शब्द काढा, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. रागात लिहिलेले मृत्युपत्र कोर्टात टिकत नाही म्हणे. मी त्यांना सांगितले की रागाने माझी शुद्ध हरपलेली नाही. उलट लग्न झाल्यापासूनच्या बावीस वर्षांत माझे डोके इतके ठिकाणावर कधीच नव्हते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबावाला बधणारी असते तर हे घर झालेच नसते.

सर्वांची पूर्ण नावे व पत्ते सोबतच्या पानावर जोडले आहेत. नवऱ्याचे नाव मला इथे पुन्हा पुन्हा लिहायचे नाही.

हे आताच लिहिण्याचे कारण असे. परवा माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात घाबरू नका, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघतात. घटस्फोटाचा दावा पाच वर्षे चालू आहे आणि पुढची तारीख सात आठवड्यांनी आहे. तेवढ्यात मी गेले, तर कायद्याच्या हिशोबी मी त्याची बायको म्हणूनच जाईन, आणि काही लिहून ठेवले नसेल तर हे घर त्याच्या घशात जाईल. ते मला मेल्यावरसुद्धा सहन होणार नाही.

कलम पहिले. मालमत्ता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी. खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. हे घर मी दाव्याच्या चौथ्या वर्षी घेतले. सगळे म्हणत होते, निकाल लागू दे, मग घे. अहो, बहिणीकडच्या सोफ्यावर चार वर्षे झोपून माझ्या पाठीचा निकाल आधी लागला होता.

घराचे कर्ज थोडे राहिले आहे. ते माझ्या बचतीतून फेडावे आणि उरेल ते बहिणीला द्यावे. सोफा तिने बदलावा.

कलम दुसरे. माझा दादा. घर ठरले तेव्हा तो टाइप केलेला कागद घेऊनच आला. म्हणाला, "माझ्या नावावर घे. निकाल लागला की तुझ्या नावावर करून देतो. सख्खा भाऊ आहे मी तुझा." मी म्हटले, "दादा, तुझा थोरला मुलगा लग्नाचा झालाय आणि तुमच्याकडे खोली कमी पडतेय, हे मला माहीत आहे." तो चिडला, चहा टाकून उठला आणि तेव्हापासून बोललेला नाही. मला आगीतून फुफाट्यात जायचे नव्हते, एवढाच माझा गुन्हा. तो कागद माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. दादाला तो जसाच्या तसा परत करावा. बाकी त्याला काही नाही.

कलम तिसरे. अवजारे. मेण कापायच्या सुऱ्या, पॉलिशची मोटर, दातांच्या रंगांचे नमुने आणि प्लॅस्टरचे सगळे साचे माझ्या भागीदाराला द्यावेत. सगळे त्याला मेणबुवा म्हणतात. अठरा वर्षे आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून अनोळखी लोकांची तोंडे भरत आलो. त्याने मला एकदाही विचारले नाही की आज डोळे का सुजलेत. फक्त माझ्या वाट्याची घासायची कामे आपल्याकडे ओढून घेतली. निवृत्त पोस्टमनच्या खालच्या कवळीचा डावीकडचा चावा अजून उंच लागतो, तो घासून मगच कवळी द्यावी. म्हातारा तक्रार करायचा नाही, मुकाट्याने उजवीकडून चावत राहील. मला अशा माणसांचा फार राग येतो, कारण मी तशीच होते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणीही मेणबुवांनीच करावी. दवाखान्यातून माझे प्रेत त्यांच्या ताब्यात द्यावे, नवऱ्याच्या नाही. जिवंतपणी पुष्कळ दिले.

कलम चौथे. सासूबाई. यांची वरची-खालची कवळी मी स्वतःच्या हाताने केली, तीनदा ठसा घेऊन. ती घालून त्या कोर्टात उभ्या राहिल्या आणि मला तोंडाळ म्हणाल्या. उच्चार अगदी स्वच्छ होते, काम चांगले झाले होते. त्यांच्यासाठी केलेला जादा संच कारखान्यातल्या फळीवर आहे, तो त्यांना पोचवावा. म्हाताऱ्या माणसाचे खाण्याचे हाल करणे माझ्या धंद्यात बसत नाही.

कलम पाचवे. नवरा. लग्नानंतर पहिल्या वर्षापासून तो म्हणत आला, "तुझ्या दातकोरण्या धंद्यावर कुणाचं घर उभं राहतं का?" माझे राहिले. मग एक दिवस माझी गरम कपड्यांची बॅग परत करायच्या निमित्ताने तो इथे आला. बसला नाही. दोन्ही खोल्यांतून फिरला, खिडक्या मोजल्या, भिंतीवर बोटे वाजवून पाहिली, मोरीतला नळ सोडला आणि म्हणाला, "पाण्याला जोर चांगलाय." आठ दिवसांत त्याचा अर्ज कोर्टात: घर संसारातल्या कमाईतून घेतले असल्याने निम्म्यावर आपला हक्क आहे. म्हणजे दातकोरण्या धंद्यावर घर उभे राहते, हे त्याने शेवटी लिहून दिले. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून माणूस हसतो, पण त्या दिवशी मी कारखान्यात एक चांगला साचा भिंतीवर फेकून फोडला.

त्याला काही नाही. वकीलबाई म्हणाल्या, हे स्पष्ट लिहावे, नाहीतर विसरल्या असे वाटेल. तर स्पष्ट लिहिते: विसरलेले नाही.

कलम सहावे. घर. घर मी वन्संना, म्हणजे त्याच्या थोरल्या, बिनलग्नाच्या बहिणीला देत आहे.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "ज्यांनी तुमच्याविरुद्ध साक्ष दिली, त्यांना?"

होय, त्यांनाच. आता कारण लिहिते, म्हणजे पुढे कोणी मला वेडी ठरवायला नको.

उन्हाळ्यातली दुपार होती. मला एका गिऱ्हाइकाची कवळी द्यायला जायचे होते. तो म्हणाला जायचे नाही, मी म्हटले जाणार. मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले तेव्हा त्याने आतून कडी लावली आणि तो बाहेर निघून गेला. दोन वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी त्या तापलेल्या फरशीवर होते, अनवाणी. वन्सं आत इस्त्री करीत होत्या. मी काच वाजवली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, मग खाली घातली आणि त्याच्या शर्टाची बाही उलटली. सगळा ढीग संपेपर्यंत त्या इस्त्री करीत राहिल्या.

माझा सगळा दावा त्या दुपारवर उभा होता. कोर्टात वन्सं म्हणाल्या, "कडी अडकली होती. कुणी लावली नव्हती." लिहिणाऱ्याने ते लिहून घेतले, आणि माझ्या पायांचे फोड खोटे पडले.

बाहेर पाण्याच्या नळापाशी त्या माझ्या मागोमाग आल्या. पदराचे टोक पिळत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, तो म्हणाला होता, खरं बोललीस तर पिशवी भर. वहिनी, मी कुठं जाऊ?"

मी त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्या वेळी माझ्याकडे सोफा होता, घर नव्हते. असते तरी दिले नसते, इतकी मी पेटले होते. अजूनही पेटलेली आहे. मी त्यांना क्षमा केलेली नाही, आणि हे दान म्हणून कोणी वाचू नये. एकावन्न वर्षांची बाई, भावाच्या घरात बिनपगारी मोलकरीण, आईची शुश्रूषा, भावाचे शर्ट, आणि झोपायला स्वयंपाकघर. तिच्या तोंडातून तिचे काय निघणार? माझा राग त्यांच्यावर आहे, पण ज्याने त्यांना भरायला पिशवी दाखवली त्याच्यावर त्याहून जास्त आहे. त्याच्या हातातली ती पिशवी मला काढून घ्यायची आहे.

त्यांचा भाऊ आणि आई या घरात राहायला येऊ नयेत, अशी अट मी आधी घातली होती. नंतर खोडली. ती रेघ दिसते आहे, तिच्यापुढे मी आद्याक्षरे केली आहेत. कोण आत येणार हे मी ठरवले, तर ते घर पुन्हा दुसऱ्या कोणाचे तरी झाले. त्या त्याला घेतीलही आत, आणि मी काही करू शकणार नाही. चालेल. म्हणजे चालणार नाही, पण अट नाही.

मी शस्त्रक्रियेतून वाचले आणि निकालही लागला, तरी हे कलम असेच राहील. फक्त मी आहे तोवर घर मी वापरीन.

अट नाही, पण मागणे एक आहे. वन्सं, घर तुमच्या नावावर झाले की एका दुपारी दार लावून घ्या आणि कडी कोणी लावली होती ते मोठ्याने बोला. ऐकायला मी नसेन, कोर्ट नसेल, तोही नसेल. तुमच्या घरात बोला.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: ज्यांच्यासाठी मी अठरा वर्षे कवळ्या केल्या ते दातांचे डॉक्टर. सर्व मजकूर वाचून त्यांच्यादेखत सही झाली. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाई, निवृत्त परिचारिका. यांनी आधी माझी नाडी पाहिली, मग सही केली. (सही)

ठिकाण: माझे घर, तिसरा मजला.
दिनांक: मंगळवार, शस्त्रक्रियेला दोन दिवस बाकी.