कोरा राहिलेला रकाना

३ नोव्हेंबर
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी धावपटू मुलींच्या लाळेचे नमुने घेणे सुरू. माझी धाकटी बहीण सुमी क्र. ७. उठल्याबरोबर, चूळही न भरता नळीत थुंकायचे. अर्ध्या तासाने पुन्हा. “ताई, वैजापूरला आईनं एवढं थुंकू दिलं असतं का?” हसण्यात अर्धी नळी सांडली.

८ नोव्हें.
आठशे मीटरला सुमीचे पुन्हा चार सेकंद जास्त. खोलीचा जिना कठडा धरून चढते. विचारले तर, “काय नाय गं, ऊन लागलं.” नोव्हेंबरात!

१३ नोव्हें.
निकाल आले. जाग आल्यावर लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचे हार्मोन, चढायला हवे. क्र. ७ चे, सुमीचे, जवळजवळ सपाट. अतिसरावाचा थकवा असावा? प्रकल्पाच्या मॅडम म्हणाल्या, “नुसत्या आकड्यावरून निदान करू नकोस. पाळी नियमित आहे का?”
प्रश्नावलीत तो रकाना होता. पत्रके प्रशिक्षक सर गोळा करणार म्हणून सगळ्या मुलींनी तो कोरा सोडला. मीही संकोचाने पुन्हा विचारले नाही.

१४ नोव्हें.
विचारले. चार महिने नाही.
“बरंच की! मैदानावर पोरी म्हणतेत, सुटलीस. फॉर्मात आल्याची खूण हाय ती.”
आम्ही एका खोलीत राहतो. कपाटातले पॅडचे पाकीट संपता संपत नव्हते. हार्मोनांची नावे मला तोंडपाठ, आणि...
“सरांना सांगू नको. बावीसची निवड चाचणी हुकली तर अण्णा म्हणतील, बस झालं पळणं, ये घरी.”

१७ नोव्हें.
उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरबाईंकडे नेले. म्हणाल्या, पळणे जास्त आणि खाणे कमी, म्हणून पाळी थांबली असावी. पूर्ण विश्रांती, पोटभर जेवण, पुढच्या तपासण्या. परतल्यापासून सुमीचा अबोला. तरी अर्धा पेरू मीठ लावून माझ्या पुस्तकावर ठेवून गेली.

१९ नोव्हें.
अबोला तिनेच मोडला. “सांग सरांना. पण तू सांग, मला लाज वाटते.” मला कमी वाटते? वाक्य वहीत लिहून नेले. सरांसमोर वही उघडवेना. शेवटी “पाळी” एवढा एकच शब्द, तोही मोठ्याने. गोळाफेकीच्या मुली वळून पाहू लागल्या.
सर शिट्टीकडे बघत म्हणाले, “हे मला कुणी सांगितलंच नाही.”
“तुम्हाला कोण सांगनार, सर?” सुमी.
सरांनी खिशातून यादी काढली. म्हणाले, “नाव यादीत ठेवतो. पळायचं का नाय, तूच ठरव बेटा.”

२२ नोव्हें., पहाटे
उठून बसली आहे. एका बुटाची नाडी बांधून झाली.
“ताई, नको म्हण ना. माझ्या तोंडातून निघत नाय.”
“नको पळूस,” म्हटले. दुसरा बूट तिच्या मांडीवर आहे, अजून.