परदेशातून मत देण्याची सोय न होण्याबाबत

प्रति,
मा. मतदार नोंदणी अधिकारी साहेब,
कतारगाम विधानसभा मतदारसंघ, सुरत.

विषय: परदेशी राहणाऱ्या मतदारांना तिकडूनच मत देण्याची सोय कृपया करू नये, तसेच येथे कोणीही बिनविरोध निवडून येऊ नये, याबाबत.

संदर्भ: यादी तपासायला घरी आलेल्या बीएलओ बेन यांच्याशी चहा घेताना झालेले बोलणे.

महोदय,

मी खाली सही करणार निंबा दगा बोरसे, मूळचा खानदेशचा, उभा जन्म कतारगामात लूम चालवून आता घरी बसलेला. गुजराती बोलता येते, पण भांडण आणि अर्ज मातृभाषेतच बरे जमतात, म्हणून मराठीत लिहीत आहे. वाचायला कोणी न मिळाल्यास मी स्वतः येऊन वाचून दाखवीन.

१) माझा मुलगा ललित इथेच हिरे पारखायला शिकला आणि २०१९ पासून बेल्जियममधील अँटवर्प शहरी एका हिऱ्याच्या पेढीत आहे. परदेशस्थ मतदार म्हणून त्याचे नाव आपल्या यादीत आहे. मत द्यायचे तर पासपोर्ट घेऊन जातीने केंद्रावर यावे, असा नियम आहे. पुष्कळ लोक या नियमाला नावे ठेवतात. आमच्या घरात मात्र त्याच्याइतका शहाणा नियम दुसरा नाही. ललितचे मालक दिवाळीला सुट्टी देत नाहीत, लग्नकार्याला देत नाहीत. पण तेही मूळचे कतारगामचेच असल्याने मतदानाला नाही म्हणायची त्यांना लाज वाटते. २०२२ च्या विधानसभेला ललित आला आणि आठवडाभर राहिला. मत द्यायला त्यातला फार तर अर्धा तास गेला, बाकीचा त्याच्या आईच्या वाट्याला आला.

२) साहेबांनी यात नवल मानू नये. आमच्या खानदेशातल्या गावच्या ग्रामपंचायतीला उमेदवार सुरतेला गाड्या पाठवतात आणि गल्लीच्या गल्ली उचलून नेतात. कोण निवडून आले हे परतताना निम्म्यांना ठाऊक नसते, पण आईबाप भेटलेले असतात. आमच्यात निवडणुकीचा अर्थ हाच. अँटवर्पला गाडी जात नाही, एवढीच अडचण आहे.

३) २०२४ च्या लोकसभेला ललितने तिकीट काढले होते. माझी पत्नी सौ. उषाबाई हिने त्याच्यासाठी गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले. ते वाळायच्या आत सुरतेचे उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. मतदानच नाही, मग मतदार कशाला येतो? ललितने तिकीट रद्द केले. बिनविरोध निवड कायद्याने होत असते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उषाबाईने त्या बिबड्यांना हात लावला नाही आणि सगळे मला एकट्याला खावे लागले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अँटवर्पच्या नगरपालिकेची निवडणूक होती. तिथे पाच वर्षे राहिलेल्या परक्या माणसालाही नगरपालिकेपुरते मत देता येते. ललितने नाव नोंदवले, सायकलवर गेला आणि मत देऊन आला. ज्यांचा तो नागरिक नाही त्यांनी त्याचे मत घेतले. ज्यांचा आहे त्यांना त्या वर्षी त्याची गरज पडली नाही. फोनवर म्हणाला, "पप्पा, इथली गल्लीपण आता आपली वाटायला लागली." त्या शहराचे मी कौतुकच करतो. पण ऐकून मला बरे वाटले नाही, हेही लिहून ठेवतो.

४) अशात बीएलओ बेन आल्या. ललित कुठे आहे आणि कधी येणार, असे त्यांनी नियमाप्रमाणे विचारले. बाहेर गेला आहे, मतदानाला येईल, असे उषाबाईने सांगितले. बेन भल्या मनाच्या. दिलासा द्यावा म्हणून म्हणाल्या, "चिंता ना करो मासी, हवे तो त्यांथीज वोट अपाशे." म्हणजे यापुढे तिकडे बसूनच मत देता येईल, असा वर विचार चालू आहे. उषाबाईने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "तठेच मत मिळनं, ते मना आंडोर अठे कसाले यी?"

तिच्या अहिराणीचे सरकारी मराठी असे: मतदारास निवासस्थानीच मतदानाची सुविधा उपलब्ध झाल्यास त्याचे येथे येण्याचे प्रयोजन उरत नाही.

५) तरी अशी सोय करू नये. हे आपल्या हातचे नसल्यास ज्यांच्या हातचे आहे त्यांना कळवावे, आणि त्यांना मुले असल्यास ती कुठे असतात हेही विचारून घ्यावे.

पुढल्या वेळी कोणी बिनविरोध येण्याची चिन्हे दिसल्यास शेवटच्या तारखेआधी मला निरोप द्यावा. मी अपक्ष उभा राहीन. सूचक लूमवरच मिळतील. निवडून येण्याची मला हौस नाही. मला एकच मत पुरे, फक्त ते द्यायला तो आला पाहिजे.

आपला नम्र, आणि वेळ पडल्यास आपल्याच मतदारसंघातील उमेदवार,

निंबा दगा बोरसे
कतारगाम, सुरत
दि. १२ जानेवारी २०२६

सोबत:
१) रद्द केलेल्या तिकिटाची प्रत.
२) शाईचे बोट दाखवणाऱ्या ललितचा आईसोबतचा फोटो, २०२२. (उषाबाईला न सांगता भिंतीवरून काढून जोडला आहे. पाहून लगेच परत करावा.)