शेवंताबाईला किती वर्षं?

अकोला, ११ जून २००६
सरांनी प्रबंधाचा विषय पक्का केला. कुत्र्यांकडून येणाऱ्या जंताच्या पाणगाठी. आजार फार पुढे गेलेले पेशंट घ्यायचे आणि पाच वर्षांत कोण जाईल याचा अंदाज बांधायचा. वय, गाठी किती, फुप्फुसात गेल्या का, कावीळ, आधीचं ऑपरेशन. प्रत्येक गोष्टीला गुण; गुण जितके जास्त तितका धोका जास्त. बरं वाटलं. विचारलं तर लोकांना काहीतरी सांगता येईल.

१९ जून
मूर्तिजापूरकडची शेवंताबाई भरती. मेंढपाळ. लिव्हरचं ऑपरेशन झालेलं, गाठी परत आल्यात, आता फुप्फुसातही. धाप लागते तरी बोलणं चालूच. सोबत नवरा किसन आणि मुलगी रुख्मा. रुख्मा यंदा बारावी पास. अमरावतीला नर्सिंगला जायचंय.

२३ जून
शे.चे गुण काढले. सगळ्यात वरचा, जास्त धोक्याचा गट. पुन्हा काढले. तेच.
संध्याकाळी तिनंच विचारलं. "बाई, खरं सांगा. लवकर जात असन त पोरीचं लगन पाहून जातो. नाई त शिकू देतो तिले."
"सांगता येत नाही," म्हटलं.
"मंग रोज काय लिवून राहिल्या तुमी?"
रुख्मा डब्याचं झाकण लावत होती. लावतच राहिली.

२४ जून
सरांना विचारलं. म्हणाले, गुण पुष्कळ पेशंटांबद्दल बोलतात, एकीबद्दल नाही. पटलं. आणि राऊंडला त्यांनीच किसनला सांगितलं, "एखाद-दोन वर्षं धरून चला."

२ जुलै
शे.ला सुट्टी. गोळ्या चालू ठेवायच्या. किसन म्हणाला, "भातकुलीचं स्थळ आलं हाये. यंदा वावरात खतासाठी मेंढ्या बसवायले कोनी बोलावून नाई राहिलं. कास्तकाराच्याच घरात दाने नाईत, आमाले कुठून देतीन? हे उरकून टाकतो."
रुख्मानं जिन्यात गाठलं. "मॅडम, बाबाले सांगा ना, आई जगते म्हनून."
सांगितलं. नक्की काही नसतं, पोरीला शिकू द्या.
किसन म्हणाला, "जगन म्हनून लिवून देता का?"
नाही देता आलं.

२६ नोव्हेंबर
प्रबंधातले एक पेशंट, दत्तूजी, गेले. सगळ्यात कमी धोक्याच्या गटातले. पोटात गाठ फुटली, आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांच्या बायकोला मीच म्हटलं होतं, काळजी करू नका. आज ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. नुसतीच.
सर म्हणाले, एकानं गुणांचा तक्ता बदलत नाही. बरोबरच आहे. पण

१७ मार्च २००८
ओपीडीत शेवंताबाई. चालत आली. फुप्फुसातल्या गाठी आक्रसल्यात, लिव्हरच्या तशाच. का आक्रसल्या, सरांनाही सांगता येईना. गुण अजूनही वरच्याच गटाचे.
"रुख्मा कशी आहे?"
"दिवस गेले हायेत. सासू म्हनते, शिकनं मंग पाहू." पदरानं तोंड पुसलं. "मी तं जित्तीच हाये, बाई."
तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं.
सहा महिन्यांनी ये म्हटलं. "येतो," म्हणाली. पण उठली नाही. बाकावर बसून राहिली, मी आणखी काही बोलेन म्हणून.